बांध राखील तो गाव राखील

मृग नक्षत्र जवळ येऊ लागले, की मांडवी-जुवारीच्या काठच्या गावांतून दरवर्षी एकच ओरड ऐकू येते. कुठे बांधाला भगदाड पडलेले असते, कुठे मानशीची दारे कुजलेली असतात, कुठे भरतीचे खारे पाणी पिकत्या शेताच्या उंबरठ्याशी येऊन ठेपलेले असते. ग्रामसभेत ठराव होतो, खात्याकडे अर्ज जातो, पाहणी होते आणि निविदेचे सोपस्कार पुरे होण्यापूर्वीच पहिला पाऊस कोसळतो. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. याच काळात आमच्या राज्यात 'शाश्वत विकास' या शब्दांचा मात्र महापूर आलेला आहे. सरकारी अहवालात तो आहे, परिसंवादांच्या फलकांवर तो आहे, डोंगर कापून उभ्या राहणाऱ्या वसाहतींच्या जाहिरातीतही तो आहे. शब्दांचा पूर आणि बांधाला भगदाड ही विसंगती ज्यांना खटकत नाही त्यांच्यासाठी आजचा हा लेख नाही. ज्यांना ती खटकते, त्यांच्यासह या शब्दाचा मूळ अर्थ एकदा नीट तपासून पाहावा, असे आम्हांस वाटते.

ही कल्पना नवी नाही आणि ती केवळ पर्यावरणवाद्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. १७१३ साली जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात खाणींचा कारभार पाहणारे हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झ यांनी वनव्यवस्थेवर एक ग्रंथ लिहिला. धातू वितळवण्यासाठी लाकूड लागे आणि जंगले तर संपत चालली होती. तेव्हा जेवढे वाढते तेवढेच तोडावे, हा नियम त्यांनी मांडला. म्हणजे ही जाणीव एका खाणवाल्या अधिकाऱ्याला झाली, तीही आपला धंदा बुडू नये म्हणून. पुढे १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावर जागतिक परिषद भरली. १९८७ मध्ये नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलंड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने आज सर्वत्र मान्य झालेली व्याख्या दिली. आजच्या पिढीने आपल्या गरजा अशा रीतीने भागवाव्यात, की उद्याच्या पिढीची गरजा भागवण्याची शक्ती खच्ची होऊ नये, हा त्या व्याख्येचा आशय. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने त्याच पायावर सतरा उद्दिष्टे ठरवली व भारतानेही ती स्वीकारली.

व्याख्या सोपी आहे. परंतु तिच्यातील दोन शब्दांकडे सहसा लक्ष दिले जात नाही. पहिला शब्द 'गरज'. हौस, हाव किंवा नफा यांचा तीत समावेश नाही. दुसरा शब्द 'शक्ती'. पुढच्या पिढीसाठी केवळ पैसा मागे ठेवून भागत नाही; पाणी, माती, मासळी आणि ती सांभाळण्याची विद्या हेही मागे ठेवावे लागते. आपल्याकडे या कल्पनेसाठी 'शाश्वत' हा शब्द रूढ झाला आहे, तो थोडा दिशाभूल करणारा आहे. आपल्या परंपरेत शाश्वत म्हणजे ज्याला काळाचा स्पर्श नाही ते. येथे अभिप्रेत आहे त्याच्या अगदी उलट. रोज झिजणारी गोष्ट रोज डागडुजी करून टिकवणे, असा तो अर्थ आहे. टिकणे हा वस्तूचा गुण नसून ती राखणाऱ्या समाजाचा गुण आहे. हा मुद्दा समजण्यासाठी गोमंतकीयांना परदेशी पुस्तके उघडण्याची गरज नाही. आपल्या खाजन शेतीकडे पाहिले तरी पुरे.

खाजन म्हणजे खाडीच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातून माणसाने बांध घालून मिळवलेली सखल जमीन. प्राचीन ताम्रपटांतही 'खज्जन' जमिनीचे उल्लेख मिळतात. आज या जमिनींचे क्षेत्र सुमारे अठरा हजार हेक्टर सांगितले जाते. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या चिमुकल्या राज्याचा हा जवळजवळ विसावा हिस्सा झाला. तिसवाडी, बार्देश, सासष्टी, फोंडा, डिचोली, पेडणे अशा अनेक तालुक्यांत ती पसरलेली आहेत. दिवाडी, चोडण आणि जुवे या बेटांचे तर जीवनच बांधांवर उभे आहे.

या व्यवस्थेची रचना पाहिली म्हणजे आपल्या पूर्वजांच्या बुद्धीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. नदीच्या बाजूला चिखल, गवत-पेंढा आणि जांभ्या दगडांचा बाहेरचा बांध. आत शेतांचे रक्षण करणारे लहान बांध. दोहोंच्या मध्ये पाणी खेळवणारी पोंय. आणि बांधाच्या तोंडाशी मानस, म्हणजे लाकडी झडपांची दारे. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले, की त्या दाबानेच झडपा मिटतात. ओहोटी लागली, की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. यंत्र नाही, तेल नाही, वीज नाही. चंद्राच्या ओढीवर चालणारे हे द्वार आहे. पावसाळ्यात गोडे पाणी मातीतला खार धुऊन काढते आणि मग खार सोसणारे कोरगुट, आसगो यांसारखे भात तेथे पिकते. कापणी झाल्यावर बेताने खारे पाणी आत घेतले, की त्याबरोबर कोळंबी आणि मासळी येते. काही ठिकाणी मिठागरेही चालत. एकाच भूमीने भात, मासे आणि मीठ ही गोमंतकीय ताटातील तिन्ही मुख्य द्रव्ये द्यावीत, आणि तीही शेकडो वर्षे, याहून टिकाऊपणाचे बोलके उदाहरण कोणते?

परंतु चिखलाचा बांध स्वतःच्या बळावर शेकडो वर्षे उभा राहत नाही. खेकडे त्याला भोके पाडतात, लाटा त्याचा पायथा खातात, मानशीचे लाकूड खाऱ्या पाण्यात कुजते. एक पावसाळा दुर्लक्ष झाले, तर पुढच्या पावसाळ्यात भगदाड ठरलेले. म्हणून खाजनाचा खरा आधार बांध नव्हता. बांध राखणारी गावाची घडी हा होता. ती घडी म्हणजे गावकारी. पोर्तुगीज येथे आले तेव्हा ही संस्था इतकी पक्की रुजलेली होती, की तिला मोडणे त्यांना परवडले नाही. १५२६ साली आफोंसो मेशिया याने गावकारीचे रीतिरिवाज लिहवून घेतले, आणि पुढे 'कोमुनिदाद' या नावाने ती संस्था त्यांच्या कायद्यात नांदत राहिली. जमीन गावाची. ती ठरावीक मुदतीने लिलावात कसायला दिली जाई. मानशीतील मासेमारीची पावणी होई. उत्पन्नातून सरकारचा फाळा, देवस्थानचा आणि गावच्या सेवेकऱ्यांचा वाटा आणि बांधबंदिस्तीचा खर्च भागल्यावर जे उरे, ते 'जोण' म्हणून गावकारांत वाटले जाई.

हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बांध, मग वाटप. ज्या व्यवस्थेत दुरुस्तीचा खर्च नफ्याच्या आधी वेगळा काढला जातो ती टिकते आणि ज्या व्यवस्थेत नफा आधी वाटून दुरुस्तीसाठी सरकारकडे हात पसरला जातो ती बुडते. 'तळे राखील तो पाणी चाखील' ही म्हण आपण बहुधा कुत्सितपणे वापरतो. तिचा सरळ अर्थही ध्यानात घ्यावा. राखण्याचे कर्तव्य आणि चाखण्याचा हक्क एकाच हाती होते, तोवर तळे भरलेले राहिले.

येथे आमच्यावर गतकाळाच्या गोडव्याचा आरोप होऊ शकेल, म्हणून हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. गावकारी हे रामराज्य नव्हते. गावकारपण पुरुषांच्या वंशात चाले. स्त्रियांना तेथे आवाज नव्हता. जे कंबरभर चिखलात उभे राहून बांध घालीत, त्या कष्टकऱ्यांना जोणात वाटा नव्हता. गावकारांतील अनेकजण कालांतराने शेतापासून दूर गेले व त्यांच्यासाठी कोमुनिदाद केवळ वर्षासनाची खिडकी उरली. जी व्यवस्था भूमी टिकवते पण माणसांना समान लेखत नाही, तिला पूर्णार्थाने टिकाऊ म्हणता येणार नाही. कारण अन्याय हीसुद्धा बांध पोखरणारी घूसच होय.

म्हणूनच मुक्तीनंतर १९६४ चा कूळकायदा आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांचे गोमंतकातील बहुजन समाजाने मनापासून स्वागत केले, आणि ते योग्यच होते. कसेल त्याची जमीन हे तत्त्व येथे केवळ घोषणा राहिले नाही. परंतु जमिनीच्या मालकीचा प्रश्न सुटत असताना बांधाच्या मालकीचा प्रश्न मात्र अधांतरी राहिला. १९७५ च्या नियमांनी बांध आणि मानस यांच्या देखभालीची संयुक्त जबाबदारी कुळांच्या संघटनांवर आली. कागदावर ही सोय बरी होती. प्रत्यक्षात कोमुनिदादीने हात काढून घेतला, अनेक कूळसंघटना निर्जीव झाल्या, आणि या दोहोंच्या मध्ये बांध पोरका झाला. जमीन वाटता येते, बांध वाटता येत नाही. माझ्या शेतासमोरचा तुकडा मी नीट ठेवला आणि शेजाऱ्याचा फुटला, तर दोघांच्याही शेतात खारे पाणी येते. हक्क वैयक्तिक करता येतो. भरतीला थोपवणे वैयक्तिक करता येत नाही, हा धडा आपण वेळीच शिकलो नाही.

आणि बांध पोरका झाला, की त्याच्यावर टपलेले पुष्कळ असतात. मानशीची पावणी घेणाऱ्याला भातापेक्षा मासळी अधिक फायद्याची. तेव्हा दारे जरुरीपेक्षा अधिक वेळ उघडी राहतात आणि खारे पाणी वर चढते. काही ठिकाणी कोळंबीच्या हव्यासापायी बांध मुद्दाम फोडले गेल्याच्या तक्रारी झाल्या. किनारी पट्ट्यातील कोळंबी-तलावांना सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ च्या निकालाने पायबंद घातला, तरी हव्यास काही निकालाने संपत नाही. खनिज वाहून नेणाऱ्या बार्जच्या लाटांनी नदीकाठचे बांध खचले. खाऱ्या पाण्याखाली गेलेले शेत पडीक पडले, की त्यात खारफुटी उगवते. खारफुटीला कायद्याचे संरक्षण, त्यामुळे शेतकऱ्याला ते शेत पुन्हा लागवडीखाली आणणे दुरापास्त. आणि एकदा शेत पडीक म्हणून नोंदले, की भराव घालू पाहणाऱ्यांची पावले तिकडे वळतात. भगदाडापासून भूखंडापर्यंतचा हा रस्ता आमच्या वाचकांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

नियमांची येथे वाण आहे असे नाही. कुळाला मिळालेली शेतजमीन बिगरशेती कामास वापरू नये, असा कायदा १९९१ मध्ये झाला. २०११ च्या किनारी विभाग अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांच्या रक्षणाची खास तरतूद करण्यात आली. पण कायदा बांधावर पहारा देत नाही. तो पहारा माणसांना द्यावा लागतो.

टिकाऊपणाची दुसरी बाजू आपल्याला खाणींनी दाखवली. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाकाठी पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर जात होते. मग २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल आला, खाणी बंद झाल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्खननावर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या दहा टक्के रकमेचा कायमस्वरूपी निधी उभारण्यास सांगितले. पुढील पिढ्यांचाही या खनिजावर हक्क आहे, हे तत्त्व त्यामागे होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाली आणि खाणी पुन्हा थांबल्या. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, खाणावळवाले अशा हजारो कुटुंबांवर आभाळ कोसळले. या कुटुंबांचा दोष कोणता? आम्ही म्हणतो, दोष त्यांचा नव्हे. परंतु जो व्यवसाय मर्यादा पाळत नाही, तो एके दिवशी एकदम थांबतो आणि त्याचा पहिला घाव सर्वांत दुबळ्याच्या पाठीवर बसतो, हे त्यातून सिद्ध झाले. मर्यादा म्हणजे रोजगाराचा शत्रू, असे सांगणाऱ्यांनी ही वर्षे आठवावीत.

मासेमारीचेही तेच. यांत्रिक ट्रॉलरांनी किनाऱ्यालगतची मासळी ओरबाडायला सुरुवात केली, तेव्हा सत्तरीच्या दशकात रापणकारांनी आंदोलन उभारले. ते केवळ आपल्या पोटासाठी रस्त्यावर आले असे त्या वेळी अनेकांना वाटले. प्रत्यक्षात ते माशांच्या विणीचीही बाजू मांडीत होते. १९८० च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यामागे त्या लढ्याची पुण्याई आहे.

अर्थशास्त्रात या प्रश्नावर मोठा वाद झाला आहे. गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये लिहिले, की जे सर्वांचे असते ते लुबाडले जाते. म्हणून त्यावर एक तर सरकारचा ताबा हवा किंवा खासगी मालकी तरी हवी. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने स्वित्झर्लंडची कुरणे, जपानमधील गावांची सामाईक राने, स्पेनमधील पाटपाणी, फिलिपाइन्समधील पाटकऱ्यांचे संघ यांचा अभ्यास करून दाखवून दिले, की तिसरा मार्गही आहे. लोक एकत्र बसून नियम करतात, हद्द ठरवतात, एकमेकांवर नजर ठेवतात, चुकणाऱ्याला आधी लहान व मग मोठा दंड करतात, आणि सामाईक ठेवा पिढ्यान् पिढ्या राखतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. 'गाव करी ते राव न करी' असे आपल्या आजीला तोंडपाठ होते. जगाने ते शास्त्र म्हणून मान्य केले, तेव्हा आपण मात्र गाव विसरून रावाच्या दारात उभे आहोत.

यावर काहीजण विचारतील, की भातशेती परवडत नसताना आणि तरुण पिढी चिखलात उतरण्यास तयार नसताना हा खटाटोप कशासाठी? प्रश्न रास्त आहे व त्याला भावनेने उत्तर देऊन चालणार नाही. उत्तर असे, की बांध केवळ भाताचे रक्षण करीत नाही. बांध फुटला, की खार जमिनीत मुरतो आणि जवळच्या विहिरी मचूळ होतात. पावसाचे पाणी सामावून घेणारी सखल शेते भरावाखाली गेली, की तेच पाणी रस्त्यावर आणि घरात शिरते. पोंयीत वाढणारी मासळी नाहीशी झाली, की बाजारातील भाव चढतात. शिवाय समुद्र वाट पाहत नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची पातळी सरासरी वीस सेंटिमीटरने वाढली, आणि वाढीचा वेग चढता आहे, असे हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ-मंडळाने २०२१ मध्ये नोंदवले. अशा वेळी भरती थोपवण्याची विद्या जवळ असलेल्या समाजाने ती टाकून द्यावी, यासारखा करंटेपणा दुसरा नाही.

मग करायचे काय? आमच्या मते चार गोष्टी तातडीने व्हाव्यात. पहिली, प्रत्येक गावातील बांध, मानस, पोंय आणि पडीक खाजन यांची नकाशासह नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी व ती दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तपासली जावी. दुसरी, कूळसंघटना, कोमुनिदाद, पंचायत आणि मासेमार यांची एकच खाजन समिती गावोगावी असावी. तीत प्रत्यक्ष राबणाऱ्या स्त्री-पुरुषांना जागा असावी. जुन्या गावकारीची शिस्त घ्यावी, तिचा सोवळेपणा घेऊ नये. तिसरी, मानशीच्या पावणीचे उत्पन्न प्रथम बांधावर खर्च व्हावे व त्याचा हिशेब चावडीवर लागावा. सरकारने आपला वाटा अवश्य द्यावा, परंतु तो शिमग्यापूर्वी द्यावा. मृगात मंजूर झालेला पैसा नदीत जातो. चौथी, बांध घालण्याची, मानस बसवण्याची विद्या जाणणारी माणसे आता म्हातारी झाली आहेत. त्यांना गुरू मानून मानधन द्यावे आणि तरुणांनी ती कला शिकावी. ही विद्या कोणत्याही गोदामात साठवून ठेवता येत नाही.

यांतील एकही गोष्ट कोट्यवधी रुपयांची नाही. हवी आहे ती आपल्या मानण्यातली पालट. रस्ता सरकारचा, नदी सरकारची, बांध सरकारचा, असे म्हणत म्हणत आपण आपल्याच गावात भाडेकरू झालो आहोत. घरातील छपराचे कौल फुटले, तर आपण मंत्र्यांची वाट पाहत नाही. गाव हे आपले मोठे घर आहे, असे जोवर वाटत होते, तोवर त्याचे छप्परही शाबूत होते.

टिकाऊपणाची पारख करायला म्हणून आम्ही वाचकांना एकच कसोटी सुचवतो. आपल्या गावात कोणतीही योजना येवो, खाण असो, हॉटेल असो, वसाहत असो वा पूल, तिच्याबद्दल तीन प्रश्न विचारा. ज्याच्यावर ती जगणार आहे, ते पाणी, ती माती तीस वर्षांनी शिल्लक राहील काय? लाभ एकाला आणि खार दुसऱ्याला, अशी वाटणी तर होत नाही ना? आणि ती मोडली, फुटली, कुजली तर दुरुस्त करण्याचे कर्तव्य कोणाच्या शिरावर आहे, त्याचे नाव काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल, तर पहिल्या दोहोंची उत्तरे कितीही गोड असोत, त्यांवर विश्वास ठेवू नका.

येत्या ग्रामसभेत आमच्या वाचकांनी हे प्रश्न उभे राहून विचारावेत, आणि त्याच दमात आपल्या गावच्या बांधासाठी एक दिवसाचे श्रम देण्याची तयारीही जाहीर करावी. प्रश्न विचारणारे गावात पुष्कळ असतात. घमेले उचलणारे थोडे. दोन्ही करणाऱ्यांची संख्या वाढली, तरच भरतीच्या वेळी मानशीची दारे मिटतील.